कुजलेला खडक

खडक कुजतो, हे माझ्या थोरल्या भावाला काही केल्या पटेना. अण्णा जन्मभर सरकारी कारखान्यात इंजिनिअर, घर बेंगळुरूच्या बसवनगुडीत, रोज सकाळी तिथल्या लालबागेतल्या खडकावर फेऱ्या. कोडगूतही, म्हणजे कूर्गात, असाच दगड आहे, पट्टेसुद्धा असेच, हे त्याचं पालुपद. निवृत्तीनंतर राहायला त्याने तिथे डोंगरउतारावर घर बांधलं आणि जागेसाठी मागचा डोंगर भिंतीसारखा उभा कापला. कापाला खेटून स्वयंपाकघर. तिथे दिवसभर वावरणार कोण, तर वहिनी.

माती तपासण्यात माझे केस पिकलेत. दगड दोन्हीकडे एकाच जातीचा, हे खरंच. पण बेंगळुरूत पाऊस बेताचा, म्हणून तो टणक राहिला. कोडगूत ऊब आणि धो धो पाऊस; तिथे जागच्या जागी, खोलवर त्याची माती झालेली, पट्टे तेवढे शाबूत. कोरडा असेपर्यंत उभा राहतो, भिजला की खाली येतो. अण्णाच्या डोक्यात मात्र आमच्या साताऱ्याकडचे काळ्या कातळात उभे कापलेले घाटरस्ते.

सांगून सांगून जीभ झिजली. शेवटी त्या कापातलं ढेकूळ आणून मी त्याच्या ताटाशेजारी आपटलं. पट्ट्यांसकट त्याचा चुरा होऊन आमटीत पडला. अण्णाने ताट भिरकावलं आणि माझ्या थोबाडीत मारली. मीही गप्प बसणारी नव्हे. पाण्याचा तांब्या फेकला, त्याची भुवई फुटली. साठीची माणसं आम्ही, कुत्र्यांसारखे भांडलो. वहिनीने मध्ये पडून दोघांना ढकललं आणि आपण त्या घरात पाऊल ठेवणार नाही म्हणून सांगून टाकलं. 'सरी', कानडीतलं 'बरं', मर इथेच, म्हणून अण्णा एकटाच गेला.

श्रावणात, सकाळच्या न्याहारीच्या वेळी, डोंगर आला. स्वयंपाकघर गाडलं गेलं, मधली भिंत पुढच्या खोलीत अण्णाच्या अंगावर कोसळली. ओढून काढला तेव्हा एक पाय गुडघ्याखाली चेचलेला होता. इथे बेंगळुरूत आणून तो कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर पहिली तक्रार काय, तर यंदा पाऊसच जास्त झाला. माझ्या मस्तकात तिडीक गेली. त्या अवस्थेतही त्याला हाणावंसं वाटलं. वहिनी पेज भरवत होती. तिने चमचा खाली ठेवला.

"पाऊस तेवढाच पडला असता," ती म्हणाली. "फक्त स्वयंपाकघरात मी असते."

अण्णाने तोंड भिंतीकडे फिरवलं. उरलेली पेज वहिनीने बेसिनमध्ये ओतली.