हौसा धवलारीण आणि शेजारची मैना

कशेळीपासून दापोड्यापर्यंत कुणाच्या घरी लग्न निघालं, की भटजींच्या आधी हौसाला निरोप जायचा. हौसा धवलारीण. हळद लागल्यापासून धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायचे, एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलवायचं, हे तिचं काम. आवाज असा, की बँडवाल्यांनी खाली बसावं. मानही तसाच, पाट तिला, पहिला चहा तिला. धवलारीण घरातलीच, म्हणून तिला देव्हाऱ्यापासून मागच्या खोलीपर्यंत मोकळी वाट. कुणाच्या घरात काय झाकलंय ते हौसाला जितकं ठाऊक, तितकं पोलीस पाटलालाही नसेल.

तिचं स्वतःचंही एक झाकलेलं होतं. मैना, एकुलती लेक. बोलायला उशिरा लागली, चालायला त्याहून उशिरा, आणि मोठी झाली तरी ऐकलेला एखादा शब्द धरून तोच घोकायच्या पलीकडे तिचं बोलणं गेलं नाही. नवरा वारल्यावर हौसाचं पोट धवल्यांवर होतं. जिच्या घरात असं पोर, तिच्या तोंडचा धवला नव्या नवरीसाठी कोण चालवून घेईल? असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. कुणी म्हणायच्या आधी तिनंच ते स्वतःला सांगून टाकलं होतं. आळीतल्या चार घरांपलीकडे मैना कुणाला माहीत नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मुठीतल्या जिवाला कुणी विचारलंय?

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात शैलाबाई तिच्या दारात आल्या. भिवंडीत बुद्धविहाराच्या मागं राहणारी ही बालवाडीची बाई. तिचा मुलगा मतिमंद. बरोबर इद्रिसभाई होते, लूमच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारे जॉबर. त्यांची मुलगी तशीच. दोघांनी एका शाळेच्या संस्थेकडे एक रिकामी खोली मागितली होती, अशा मुलांच्या वर्गासाठी. संस्थेचे अध्यक्ष केसरीनाथशेठ या पट्ट्यातले मोठे जमीनवाले. ते म्हणाले होते, "ही तुमची शहरातल्यांची न् बाहेरून आलेल्यांची भानगड. आमच्या गावांत असली पोरं न्हाईत. असली तर आना माझ्यासमोर, खोली त्याच दिवशी देतो."

"मावशी, तुम्ही घराघरात जाता," शैला म्हणाली. "आम्ही दोघं किती ओरडणार? गावातल्या दोन-तीन आया आमच्याबरोबर उभ्या राहिल्या, तर शेठना नाही म्हणता येणार नाही."

"हम लोग अकेले पड गए हैं, मौसी," इद्रिसभाई म्हणाले.

"आमचेकं असला कोन न्हाय, बाय," हौसा म्हणाली.

तेवढ्यात मैना आतून आली. अकरा वर्षांची पोर, झगा उलटा घातलेला. सरळ शैलाजवळ गेली आणि तिचा पदर हातात धरून हसली.

"ही कोण?" शैलानं विचारलं.

"शेजारची हाय."

शैला स्वतः आई होती, तिला कळायचं ते कळलं. तिनं मैनेच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी प्यायली आणि उठली. तिनं खोटं उघडं पाडलं नाही, तेच हौसाला जास्त लागलं. आणि मैनेनं नेमका तोच शब्द धरला. जेवायला बोलवावं तर "शेजारची". डोक्याला तेल लावावं तर "शेजारची". झोपेत कूस बदलतानाही तेच. पोटच्या पोरीच्या तोंडून ते ऐकताना हौसाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण लाज वाटली की माणूस सुधारतो, हे कीर्तनात ठीक. खरा लाजलेला माणूस दाराला आणखी एक कडी लावतो. हौसानं तेच केलं. बाजारात शैला दिसली की ही बोळातून जायची. ती दोघं दर वर्षी संस्थेच्या पायऱ्या झिजवायची, दर वर्षी तेच उत्तर घेऊन परतायची, हे हिच्या कानावर यायचं. ही ऐकून न ऐकल्यासारखं करायची. अशी पाच वर्षं गेली. तेवढ्या काळात मैनेला झग्यातून साडीत आणावं लागलं.

मग दापोड्याला बायजाबाईच्या धाकट्या लेकाचं लग्न निघालं. हळदीला मांडव भरलेला. हौसानं देवांना बोलवायला सुरुवात केली आणि मागच्या भाताच्या खोलीतून रडणं ऐकू आलं. थोरल्या सुनेचा, कमळाचा दौलत. लाळ गळणारं, मान न धरणारं सहा वर्षांचं पोर. पाहुण्यांच्या नजरेला नको म्हणून आत कोंडलेलं. कमळा हळदीची वाटी घेऊन खाली मान घालून उभी.

बायजाबाई हौसाच्या कानाशी वाकली. "आवाज चढव गो. व्याह्यांना आयकू जाल."

हौसानं आवाज चढवला. सवयच होती. आणि चढवता चढवता तिच्या ध्यानात आलं, की हे तिला आजवर कितीतरी घरांत सांगितलं गेलं होतं. ज्या आवाजाची एवढी कीर्ती, तो आवाज लेकरांची रडणी बुजवायच्या कामी आला होता. तिला स्वतःच्या गळ्याचीच किळस आली.

धवला मधे तोडायचा नसतो. बोलावलेला देव अर्ध्या वाटेत राहतो म्हणतात. हौसानं तोडला.

"दार उघड, कमळे."

बायजाबाई उसळली, "अपशकून करतंस? माझे पोराचे हलदीला?"

"मीच मोठा अपशकून हाय," हौसा म्हणाली. "माझी पन आशीच पोर हाय. मैना. मी तिला शेजारची सांगली. पोटची पोर, न् मी तिला शेजारची सांगली."

कमळानं वाटी खाली ठेवली आणि दार उघडलं. दौलतला कडेवर घेऊन ती बाहेर आली. राहिलेला धवला हौसानं त्या पोरासमोर पुरा केला.

त्यानंतर तिला बोलावणी कमी आली हे खरं. पण ती न बोलावता जाऊ लागली, कमळाला घेऊन. ज्या ज्या घरातली मागची खोली तिला ठाऊक होती, तिथं. "तुमचं पोर दाखवा" असं तिनं कुठंच म्हटलं नाही. ओट्यावर बसून आधी स्वतःची लाज सांगायची. ती ऐकून कुणी हाकललं, तर कुणी उठून आतून पोर घेऊन आलं. हौसा शैलासमोर गेली तेव्हा तिला मान वर करवेना. शैला एवढंच म्हणाली, "मावशी, उशीर झाला, पण आलात."

संस्थेच्या व्हरांड्यात एका सकाळी दापोड्याच्या बाया, विहारामागच्या बाया आणि इद्रिसभाईंनी आणलेल्या बुरख्यातल्या बाया पोरांना घेऊन एकाच सतरंजीवर बसल्या. केसरीनाथशेठनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यातली निम्मी घरं त्यांच्या नात्यातली. खोली त्याच दिवशी मिळाली.

नावं घालताना संस्थेनं नेमलेल्या नव्या बाई अडखळल्या. वर्ग चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा होता. मैना आता सोळाची; शैला पहिल्यांदा दारात आली तेव्हा अकराची होती. शैला भांडली, इद्रिसभाईंनी हात जोडले. शेठ म्हणाले, नियम म्हंजे नियम.

वर्ग सुरू झाला त्या दिवशी मैना आईबरोबर गेलीच. खोलीत छोटे छोटे बाक मांडले होते. दौलतला कमळानं पुढच्या बाकावर टेकवून बसवलं. मैना साडी सावरत त्याच्या शेजारच्या बाकाशी गेली आणि बसायला लागली. तिचे गुडघे फळीखाली जाईनात. तिनं एक पाय आत घातला, मग तो काढून दुसरा घालून पाहिला, आणि मदतीसाठी आईकडे बघून हसली.

हौसाला म्हणायचं होतं, ऊठ बाय, चल घरी. पण ते म्हणायला तिच्याकडे बघावं लागलं असतं. ती लाजेनं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिच्या पाठीमागं बाक सरकल्याचा आवाज होत राहिला.