मधल्या दाराची फट

गल्लीत तिला सगळे बाइंडरताई म्हणत. वाचनालयाची फाटकी पुस्तकं घरी आणायची, टाके घालायचे, खळ लावून पुठ्ठे चढवायचे, यात तीस वर्षं गेली. तिनं मारलेली गाठ कधी सुटायची नाही, कापावीच लागायची.

अशा बाईच्या घरात यंदा किडे शिरले. तपकिरी, बोटाच्या पेराएवढे, शेपटाला चिमटा. चावत नाहीत म्हणे. नसतील चावत! पण पुस्तक उघडल्यावर असलं ध्यान बाहेर पळालं, तर वाचनालय दुसऱ्या दिवशी तिला काम देणं बंद करणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ताईनं कंबर कसली. भिंतीलगतच्या कुंड्या अंगणाच्या टोकाला नेल्या, मोरीचा गळका नळ बदलला. खिडक्यांच्या चौकटीभोवतीच्या भेगांवर मोरचूद घातलेल्या खळीनं कापडी पट्ट्या चिकटवल्या. संध्याकाळी ओल्या रद्दीच्या सुरळ्या वळून, दोऱ्यानं बांधून भिंतीच्या कडेनं ठेवायची. ओलाव्याला किडे आत जाऊन बसत. सकाळी सुरळ्या साबणाच्या पाण्यात झटकल्या की झालं.

झटकायचं काम धाकट्या भावानं अंगावर घेतलं. आई गेल्यावर ताईनंच त्याला वाढवलं होतं, त्याच्यापायी स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं नव्हतं. घर दोघांच्या नावावर. तो मागच्या खोल्यांत राहायचा, मधल्या दारानं रोज सकाळी चहाला यायचा.

"ताई, तू वाकू नकोस, कंबर धरेल. मी नेतो मागे," म्हणून टोपली उचलायचा. ताई कौतुकानं बघत राहायची. घरातल्या बाकी सगळ्या फटी बुजवल्या, पण मधल्या दाराखालची फट तिनं तशीच ठेवली. भावाच्या वाटेला कसली पट्टी लावायची?

महिना झाला तरी किडे हटेनात. उलट तिच्या निजायच्या खोलीतच जास्त.

"घरच कुजलंय, ताई. विकून टाकू. सोमवारी सही कर, सुटशील," भाऊ म्हणाला. थकलेली ताई "बरं" म्हणाली.

रविवारी तो बाहेर गेलेला. फरशी पुसायला बादली हवी म्हणून ताई मागच्या अंगणात गेली. बादली कोरडी ठणठणीत. आत तिनंच महिन्यापूर्वी दिलेली साबणाची वडी, वेष्टनासकट! तिच्या निजायच्या खोलीच्या खिडकीखाली ओली गोणपाटं रचलेली. वरचं उचललं, तर खाली तिच्याच सुरळ्या, गाठी जशाच्या तशा, आणि किड्यांचा नुसता बुजबुजाट. चौकटीवरची पट्टीही खालच्या कोपऱ्यात कुणीतरी उचकटलेली.

ताई तिथंच पायरीवर बसली. किड्यांची किळस कधीच गेली होती. ज्याला घास भरवला त्यानं केसानं गळा कापला, म्हणून ती ढसाढसा रडली.

संध्याकाळी तिनं विचारलं, तर त्यानं मान वर केली नाही. "सरळ सांगितलं असतं तर ऐकलं असतंस का तू?" एवढंच पुटपुटला.

"विचारून तरी बघायचंस," ताई म्हणाली.

सोमवारी सकाळी मधलं दार उघडेना. भावानं ढकललं, मग थापा मारल्या.

"ताई, अगं दार का लागलंय? चहा नाही का?"

पलीकडे ताई गुडघे टेकून बसली होती. दाराला कडी घालून तीन कडांना पट्टी लावून झाली होती. खालच्या फटीवरून ती अंगठा दाबत नेत होती.

"किडे येतात रे तिथून," ती म्हणाली.