लेखोआ नालबंद आणि न्थातीचे नवे बूट

मालोतीच्या डोंगरांत लेखोआ नालबंदाला ओळखत नाही असं घोडंसुद्धा सापडायचं नाही, माणसाचं तर सोडाच. चाळीस वर्षं खुरं तासून आणि नाल ठोकून त्याची पाठ वाकली होती, पण जीभ मात्र धारदार. "घोडं खोटं बोलत नाही, मालक बोलतो," तो म्हणायचा. "म्हणून मी पायाकडे बघतो, तोंडाकडे नाही."

शंभर किलोमीटरच्या डोंगरशर्यतीशी त्याचा संबंध आला तो पाण्यामुळे. पळणाऱ्यांना पाणी द्यायच्या घाटमाथ्यावरच्या ठाण्यापर्यंत गाडी जात नाही, तेव्हा पाण्याचे कॅन चढवायचे याच्या घोड्यांनी. पहिल्याच वर्षी एक गडी ठाण्यावर येऊन कोसळला. अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळलेलं, नख काळंनिळं. लेखोआनं तार लाल तापवून नखाला भोक पाडलं. रक्ताची चिळकांडी उडाली आणि गडी बोंबलता बोंबलता हसायलाच लागला. तेव्हापासून पळणारे 'घोड्यांच्या डॉक्टर'ला विचारतच वर यायचे. पण हा काही सगळ्यांना पुढे दामटणारा नव्हे हं! एकाचा घोटा नुसता चाचपून म्हणाला, "हाड गेलंय. संपली तुझी शर्यत." त्यानं आईबापांचा उद्धार केला, तरी लेखोआनं त्याला घोड्यावर घालून खाली धाडलाच.

यंदा मात्र पाळी त्याच्याच घरची होती. पळत होती त्याची सख्खी भाची, न्थाती. गेली दोन वर्षं ती याच ठाण्यावर पाय धरून बसली होती आणि सासूनं निक्षून सांगितलं होतं, "एवढी शेवटची. यंदाही लंगडत आलीस तर डोंगर बंद. मला मेंढरांमागे जाणारी सून हवी, खाटेवरची नको."

दुपारी न्थाती वर आली. बायकांत पहिली! पण पाऊल टाकत होती टाचेवर, आणि पुढे शेवटापर्यंत वीस किलोमीटरचा नुसता उतार.

राजधानी मासेरूहून आलेल्या तरुण डॉक्टरनं एक नजर टाकली. "थांबवतो मी हिला."

"जरा दम धरा, डॉक्टरसाहेब."

लेखोआनं भाचीकडे पाठ केली आणि घोड्याचा घ्यावा तसा तिचा पाय आपल्या मांड्यांत घेतला. बूट काढून एकेक हाड दाबलं. हाडं शाबूत. दोन नखं काळी. मग त्यानं बूट उचलला. कसला झकपक!

"हा कधीपासून घालतेस?"

न्थातीनं बूट त्याच्या हातातून ओढून घेतला.

"अगं, तुला विचारतोय!"

"आजपासून, मालोमे." मामाला ती लहानपणापासून अशीच हाक मारायची. "गावानं दिलेत. मळू नयेत म्हणून खोक्यात ठेवले होते."

"आणि वर्षभर पळालीस कशात?"

"गमबुटात. दोन नंबर मोठ्या."

"धन्य आहे बाई तुझी! पहाटेच्या गारठ्यात मापात बसले असतील. आता पाय सुजलाय, उतारावर बोटं आपटणारच." त्यानं खुरं तासायची सुरी काढली.

न्थातीनं बूट छातीशी धरला. "बोट काप, पण बूट नको! गाव काय म्हणेल?"

"म्हणेल, मामा खुळा आहे. आण इकडे!"

"न्ताते," वडीलधाऱ्याला म्हणतात तसं डॉक्टर म्हणाला, "हिचा पाय गेला तर तुमच्या माथी."

लेखोआनं बूट तिच्या हातातून घेतला. "माझ्याच माथी," तो म्हणाला आणि बोटांवरचं कापड गोल कापून काढलं. दगड लागू नये म्हणून तळ आणि समोरची कड तेवढी ठेवली. नखांना तार लावली, बोटांमध्ये लोकर भरली. तेवढ्यात दुसरी एक बाई पाणी पिऊन पुढे निघूनही गेली.

न्थाती उठली. दहा पावलं लंगडली. मग चवडा टेकवला, मागे बघून दात काढले आणि उतारावर अशी सुटली की डॉक्टर म्हणाला, "अहो, हळू सांगा तिला!"

"तुम्हीच सांगा. पकडता आली तर."

पुढचे दोन तास लेखोआनं किती पाय हातात घेतले, त्याचं त्यालाच ठाऊक नाही. चित्त सगळं खालच्या दरीत. इथे बातमी फोनच्या आधी येते, कारण डोंगराडोंगरावर गुराखी उभे असतात. उन्हं कलताना आली. एकाची हाक दुसऱ्यानं उचलली, दुसऱ्याची तिसऱ्यानं.

"न्थातीऽऽ! पहिलीऽऽ! पळत आलीऽऽ!"

हातातला पाय तसाच टाकून म्हातारा कातळावर चढला. हाक पुढे द्यायची पाळी त्याची होती, कारण पलीकडच्या डोंगराआड तिचं सासर. डोळ्यांतून पाणी, आवाज फाटलेला, तरी बेंबीच्या देठापासून ओरडला, "न्थाती पहिलीऽऽ! दोन्ही पायांवरऽऽ!"

पलीकडून बायकांचा जल्लोष उठला, आणि त्यावर एका गुराख्याचा आवाज आला.

"सासू विचारतेयऽऽ, पुढच्या वर्षीची तारीख काऽऽय?"