खळ्यावरची ज्वारी आणि म्युनिसिपालिटीची पट्टी

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या भावावर, आणि तो झाला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, सकाळी, कारखान्याचा भोंगा होऊन गेल्यावर. म्युनिसिपालिटीचे दोन शिपाई दारात आले आणि त्याची हत्यारांची पेटी उचलून घेऊन गेले. आई म्हणाली, "सणना दुसरा दिन, तरी बी?" त्यातला म्हातारा शिपाई खाली बघत म्हणाला, "माय, आमले बी पोट शे." कमाईवरची पट्टी थकली म्हणून जप्ती. कागदावर सगळं कायदेशीर. म्हणून तर चीड येते.

भाऊ जिनिंगच्या कारखान्यात फिटर. पगारावरची पट्टी तो वेळच्या वेळी भरायचा. सुटीच्या दिवशी सायकलला पेटी बांधून प्रकाशा गावाच्या बाजूला जायचा. तापीकाठच्या मळ्यांत ऑइल इंजिनं आली होती. ती बिघडली की गाठायचं कोणाला, तर ह्याला. तिकडे विलायतेत लढाई सुरू झाली, सुटे भाग मिळेनासे झाले, तसा हा आणखीच हवाहवासा झाला. सामान तो दुकानातून स्वतःच्या नावावर आणायचा. बिल मळेवाल्याच्या हातात द्यायचा, तेवढेच पैसे घ्यायचा, दुकानदाराला नेऊन द्यायचा. मेहनतीचं बिल मात्र कधी झालंच नाही. मेहनत मिळायची खळ्यावर, ज्वारीच्या राशीतून.

राशीला आमच्याकडे एक नेम आहे. पहिलं माप टाकताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. आणि खळ्यावरून कोणाला काय दिलं, ते पुन्हा तोंडातून काढत नाहीत. काढलं तर बरकत जाते.

पट्टीच्या कारकुनाने दुकानातली बिलं पाहिली. सामानाची सगळी रक्कम भावाची कमाई धरली आणि नोकरदार माणसाला यंत्रांचा व्यापारी करून टाकलं. भाऊ हात जोडून म्हणाला, "साहेब, तो पैसा माझा नाही." कारकून म्हणाला, "मग तुझा कोणता, ते सांग. देणाऱ्याचं लिहून आण."

आम्ही दोघं, भाऊ आणि पुस्तकं लिहिणारा मी, एका मळेवाल्याकडे गेलो. भला माणूस. भावाने त्याचं इंजिन भर उन्हाळ्यात चालू करून दिलं होतं, ऊस त्यामुळे जगला होता. गूळ-पाणी झालं, आणि भावाने विषय काढला. म्हाताऱ्याने गुळाची वाटी बाजूला सारली.

"मिस्तरी, मी तुले कमी दिन्हं का?"

"नही आबा."

"मंग? खळावरलं कचेरीमा सांगतस का? उद्या म्हनशी, बायकोनं किती भाकरी वाढ्यात ते बी लिखी द्या!"

भाऊ हसला. मी हसलो नाही. मी म्हटलं, "आबा, ह्याची पेटी जाईल."

"तू नको बोलू. चार चोपडी छापी लिन्ह्या म्हनजे शहाना व्हस नही." मग भावाकडे वळून, फार मऊ आवाजात, "मिस्तरी, दुसरं काय बी माग."

दुसरं काही मागण्यासारखं नव्हतं.

पट्टीविरुद्धच्या आमच्या तक्रारीच्या सुनावणीला आम्ही रिकाम्या हातांनी गेलो. समोर म्युनिसिपालिटीच्या कमिटीचे मेंबर बसले होते. त्यांतल्या एकाच्या मळ्यातून भावाने त्याच हंगामात ज्वारी आणली होती. पोतं सायकलवर मी स्वतः बांधलं होतं. भावाने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मेंबर पानाचा डबा उघडून सुपारी शोधत राहिला. मी उठून बोलायला लागलो तर भावानेच माझा सदरा ओढला. "ऱ्हाऊ दे. त्यानी बी रास शे."

पट्टी कायम झाली. ती भरण्याची ऐपत नव्हती, आणि मग आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ते शिपाई आले.

कारखान्यातली हत्यारं मालकाची. पेटीतली भावाची, एकेक करून जमवलेली. आता सुटीच्या दिवशी तो ओट्यावर बसतो. मळ्यातून अजून निरोप येतात: मिस्तरी, इंजिन बंद शे. निरोप्याला तो पाणी देतो आणि परत पाठवतो.

पेटीचा लिलाव अजून झालेला नाही. प्रांतसाहेबांकडे अपील घातलं आहे. तापीकाठच्या मळेवाल्यांनो, तुमच्या बरकतीला मी नावं ठेवत नाही. पण ती राखायला एका फिटरची भाकरी जाते आहे, हे तुम्हाला दिसतं आहे. ज्याच्या ज्याच्या मळ्यात भावाने हात काळे केले, त्या प्रत्येकाने अपिलाच्या दिवशी कचेरीत यावं, सामानाचे पैसे किती दिले आणि मेहनतीची ज्वारी किती दिली ते वेगवेगळं, मोठ्याने सांगावं, आणि खाली अंगठा उठवावा. सही येत असेल तर सही करा. पण या.