शिवराजने दिलेली समाधानकारक माहिती

शिवराज क्रांती चौकातल्या वधू-वर मंडळाच्या कार्यालयात पहिल्यांदा आला, तेव्हा मंडळाच्या चिटणीस करुणाताईंनी झाडू हातात घेतला होता. झाडायला नव्हे. माणूस दारात उभा राहून कडी वाजवत नव्हता, हलवून बघत होता. मग त्याने बिजागरी चाचपली, खिडकीचे गज मोजले, पायपुसणं उचललं आणि त्याखालची किल्ली लढाई जिंकल्यासारखी वर धरली. त्याने भिंतीवरच्या गणपतीकडेही अशा संशयाने पाहिलं, की गणपती जरा सावरून बसला, असं करुणाताई पुढे शपथेवर सांगत.

"ताई, किल्ली इथं ठेवत जाऊ नका. मी वेबसाइटसाठी आलोय. पाचोडचा हाय."

"वेबसाइट आत आहे. पायपुसण्याखाली नाही."

"व्हय, पण दोन्हीची किल्ली ठेवणारा माणूस तोच असतोय ना."

त्यानंतर सहा वर्षं त्याने मंडळाची वेबसाइट सांभाळली. कुणी चहाला बोलावलं, तर हा आधी वायफायचा पासवर्ड विचारायचा आणि तो कच्चा निघाला, की चहा तसाच सोडून द्यायचा. एवढी स्थळं हाताखालून गेली, पण स्वतःची माहिती त्याने त्या वेबसाइटवर कधी टाकली नाही. करुणाताईंना हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

यंदा जानेवारीत कार्यकारिणीच्या सभेत तो आपणहून उभा राहिला. त्याला घाम आला होता.

"आपली साइट तयार सांगाड्यावर उभी हाय. फ्रेमवर्क म्हणतात त्याला. समजा, एकाच सुताराची दारं हजार घरांना बसलीत. आता त्या सुतारानंच जाहीर केलंय, कडीत खोट हाय, बदलून घ्या. पण ते चोरांनी बी वाचलंय. कुणीबी लॉगिन न करता आत शिरंल. अकराशे चाळीस पोरी हायत आत. फोटो, पत्ते, फोन नंबर."

त्या अकराशे चाळिसांत करुणाताईंची मुलगी सायली होती.

"मग बदल की कडी," अध्यक्ष पुंडलिकराव म्हणाले.

"दोन दिवसांचं काम. पण आपलं गुणमिलन जुन्या सांगाड्यावर लिहिलेलं हाय, ते बंद पडंल. नव्यानं लिहायला महिना लागंल."

पुंडलिकराव खुर्चीतून उठले.

"तेरा तारखेला मेळावा आणि गुण बंद? लोकांनी काय नुसते चेहरे बघून लग्नं करायची? मेळाव्यानंतर बघू. शिवराज, तू लई भितोस बाबा. बाजारात म्हशीचे दात पण तीन-तीनदा मोजत असशील."

"मोजतो साहेब. म्हशीचा फोन नंबर कुणी चोरत नाय, तरी मोजतो."

सगळे पोट धरून हसले. करुणाताईही हसल्या आणि त्यांनी इतिवृत्तात लिहिलं : 'ऐन वेळचे विषय. श्री. शिवराज यांनी संकेतस्थळाविषयी समाधानकारक माहिती दिली. अध्यक्षांनी आभार मानले.' बावीस वर्षं त्या इतिवृत्त लिहीत होत्या. मंडळात असमाधानकारक माहिती कुणी दिल्याची एकही नोंद त्यांच्या हातची नव्हती.

शिवराजने खांद्यावरून डोकावून वाचलं. "ताई, समाधान कुणाचं झालं?"

"अहो, लिहायची पद्धत असते."

मेळावा झोकात झाला. नवव्या दिवशी सायलीला पहिला फोन आला. पलीकडच्या माणसाला तिची जन्मवेळ, उंची, ऑफिस आणि पडेगावचं घर, सगळं पाठ होतं. त्या आठवड्यात असे चाळीस फोन आले. तिने नंबर बदलला, मग ऑफिसला जायची वाट बदलली, मग ती घरूनच काम करू लागली. इतर मुलींचंही तेच. एकीचं ठरलेलं लग्न मोडलं.

आईबाप कार्यालयात येऊन ओरडू लागले, तेव्हा पुंडलिकरावांनी तातडीची सभा बोलावली. "खोट याला आधीपासून माहीत होती. दुसऱ्या कुणाला नव्हती. मग दार उघडलं कुणी?"

"मी इथंच सांगितलं होतं, साहेब," शिवराज म्हणाला. "लिहिलेलं असंल. ताईंनी लिहिलंय."

इतिवृत्त आणलं. पुंडलिकरावांनी ती ओळ मोठ्याने वाचली, 'समाधानकारक'वर जरा थांबून. शिवराज करुणाताईंकडे बघत होता. त्यांच्या हातातलं पेन उघडंच होतं.

"इतिवृत्त मागच्या सभेत कायम झालंय," करुणाताई म्हणाल्या.

घरी सायलीने विचारलं, "आई, तू होतीस ना त्या जानेवारीच्या सभेत? काय म्हणाला होता तो?"

करुणाताईंनी सगळं सांगितलं. सुतार, कडी, चोर, दोन दिवस, म्हैस. एक शब्द चुकला नाही.

"मग हे तिथं का नाही बोललीस?"

"तिथं मला कुणी विचारलं नाही."

सायली उठून आत गेली.

मंडळाने तक्रार दिली, पण पोलिसांना शिवराजविरुद्ध काहीच सापडलं नाही. तोवर मंडळाने त्याला काढलं होतं, आणि शहरातली त्याची आणखी दोन कामं गेली होती. आता तो पाचोडला मेव्हण्याच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात बसतो.