धोंडी नाव कुणी ठेवतं का?

काय सांगू तुम्हाला, तोंड आवरलं नाही की माणसाची कशी फजिती होते ते! रोह्याच्या आमच्या आळीत माझं नाव सुशीला. लग्नात तांदळात लिहून मिळालेलं. माहेरचं नाव मी निडीलाच ठेवून आले. कधी कुणाला सांगितलं नाही. मुलगी झाली म्हणून रागानं ठेवलेलं नाव ते, मिरवायचं कशाला?

तर शेजारच्या मालतीताईंची लेक सुनीता पेणहून, सासरहून, बाळंतपणाला आलेली. मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी मी मागीलदारी कपडे वाळत घालत होते. (कान लावून नव्हे हं! कुंपण एकच, त्याला मी काय करू?) मालतीताई सुनीताला हळूच म्हणाल्या, "पेणची मंडळी धोंडी नाव ठेवणार, नक्की झालंय."

धोंडी! माझ्या हातातलं लुगडं चिखलात पडलं. एवढं लोण्यासारखं बाळ, आणि त्याला दगडाचं नाव? सूड हो, सूड! दिवेलागणीपर्यंत ही बातमी आळीत ज्या घरात पोचली नाही, ते घर कुलूपबंद होतं.

बारशाला माझी आईसुद्धा निडीहून आलेली. कोपऱ्यात बसून घुगऱ्या चघळत होती. आत्या बाळाच्या कानाशी वाकली, तशी मी पुढे झाले आणि पेणच्या विहीणबाईंना सुनावलं, "धोंडी नाव कुणी ठेवतं का? पोरीला जन्मभर काय वाटेल?"

विहीणबाई ताडकन उठल्या. "चला गो, इथं आपल्याला मान नाय!"

मालतीताई रडायला लागल्या. आत्या वाकलेली ती वाकलेलीच. बाळ तेवढं गाढ झोपेत!

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "का गो धोंडे? तुला काय झालं मंग?"

सगळी आळी माझ्याकडे बघायला लागली. पळणार कुठून? दारात विहीणबाई!

"हिच्या आधीची तिघं गेली माझी," आई सगळ्यांना सांगू लागली. "म्हंतलं, दगडाला कोण उचलून नेतंय? म्हनून धोंडी. सटवीला फसवलं हिच्यासाठी, आन् ही मेली लाजते!"

सुनीता पाळण्याची दोरी धरून म्हणाली, "मावशी, नाव मीच मागितलंय. माझीही दोन गेली ना."

ते मला ठाऊक होतं हो! दोन्ही वेळा तिच्या उशाशी मीच बसले होते. पण डोक्यात उजेड पडेल तर शपथ! आणि आईवरचा पन्नास वर्षांचा राग आता कुठे नेऊन टाकू?

मी विहीणबाईंचे पाय धरायला वाकले. त्यांनी मला वरच्या वर धरलं आणि फिसकन हसल्या. "ऱ्हाऊ दे गो धोंडीबाय! ह्या नावाची पोर टिकते का, ह्योच घोर व्हता. इतकी टिकलेली समोरच हाय की!"

आत्यानं कानात नाव सांगितलं. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. निम्मे माझ्याच पाठीत पडले.

ती पोर टिकली, आता पेणला शाळेत जाते. धोका टळला तसं शाळेत नाव घातलं स्वाती, आणि आता घरीही स्वातीच. आळीत कुणी "ए धोंडी" म्हटलं, की ओ द्यायला उरलेय ती मी एकटी!