उणे क्षेत्रफळाचा त्रिकोण

पोलादाचा ठोकळा मिलिंग मशीनवर बांधून तयार होता आणि तो कापायला माझी सही होत नव्हती. मासळीच्या पेटीचं प्लास्टिकचं झाकण बनवायचा साचा करायचा होता. वितळलेलं प्लास्टिक साच्यात कुठून सोडायचं, म्हणजे गेट कुठे ठेवायचं, हे मी ठरवणार होतो. गेट चुकलं तर झाकणाचा लांबचा कोपरा भरत नाही आणि कापलेलं पोलाद वाया जातं. "कॉम्प्युटरवर आधी तपासता येतं," असं शेठना मीच पटवलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत, ही फार मोठी हमी होती.

तीन दिवस सॉल्व्हर, म्हणजे हे गणित सोडवणारा प्रोग्रॅम, चालेना. झाकणावर मी १८६ त्रिकोणांची जाळी पाडली होती, प्रत्येकाचे तीन बिंदू आणि तिथली जाडी ओळीने भरली होती. दर वेळी एकच संदेश यायचा: त्रिकोण ९४, क्षेत्रफळ उणे. त्याचे बिंदू मी चार वेळा पट्टीने मोजले. बरोबर होते. जेवणाचा डबा तसाच घरी परत जायला लागला.

मिलिंग चालवणारे, मांडवी बंदराकडचे मिस्त्री मशीनपाशी रिकामे बसून असत. "काय साहेब, जाळी फाटली काय तुमची? आमच्याकडं शिवून मिळेल."

शेठ म्हणाले, "अहो, एक उणे चिन्ह ना? खोडून टाका!"

चौथ्या दिवशी मी ९४ सोडून ९३ बघितला. ९३ हा डाव्या अर्ध्याचा शेवटचा, ९४ उजव्याचा पहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. डावा अर्धा नीट काढून झाल्यावर श्रम वाचवायला मी ट्रेसिंग कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला होता आणि त्यावरून उजवा अर्धा उतरवला होता. बिंदूंचा क्रम तोच ठेवला. पण कागद उलटल्यावर तो क्रम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरला होता, आणि प्रोग्रॅमला उलट दिशा हवी होती; नाहीतर तो क्षेत्रफळ उणे धरायचा. म्हणजे उजवे ९३च्या ९३ त्रिकोण चुकीचे होते. कॉम्प्युटर फक्त पहिल्यापाशी अडत होता.

मला आनंद झाला नाही, भीती वाटली. चार वेळा मोजूनही मी चुकलो होतो. हीच चूक झाकणाच्या जाडीत असती, तर कॉम्प्युटरने चकार शब्द काढला नसता.

क्रम बदलले. दुपारी उत्तर आलं: माझ्या गेटने चारही कोपरे भरत होते.

"कापू?" मिस्त्रींनी विचारलं.

"थांबा. आधी जाड्या वाचा."

ते नकाशावरून वाचत गेले, मी भरलेल्या आकड्यांवर खुणा करत गेलो. १८६ पुरे झाल्यावरच सही केली.

साच्यातून पहिलं झाकण निघालं तेव्हा ते गरमच होतं. मी चारही कोपरे चाचपले. भरले होते. मी पुन्हा चाचपायला लागलो.

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "पाचवा शोधताय काय?"